चुन्याचा एक हात

आधी मी म्हैस पुसली. म्हशीवरून कुंचा फिरवताना मला काही वाटलं नाही, कारण ती म्हैस आमची नव्हती. शेजारच्या ठकाजी भांगऱ्याची होती, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिनं मुळात यायलाच नको होतं. मग डालग्याखालची कोंबडी गेली. मग एकमेकींच्या उवा काढत बसलेल्या दोन बाया गेल्या. चुन्याचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं, कातडी चरचरत होती, आणि मी दर फटकाऱ्याला 'रामकृष्ण हरी' म्हणत होतो. पुण्यकर्म चाललं होतं ना.

दारात माझी बायको हौसा उभी होती. कडेवर आमची छबू.

"ती बाळंतीण तेवढी ठेवा," हौसा म्हणाली. "लय दिवस लागले मला तिला."

मी तिला समजावून सांगितलं की उद्या साक्षात अनंतबुवा या चुलीपाशी जेवायला बसणार आहेत आणि त्यांच्या डोळ्यांपुढं बाळंतीण बरी दिसत नाही.

"का? त्यांना आई नव्हती का?"

मी बाळंतिणीवरून कुंचा दोनदा फिरवला.

माझ्या बायकोला कोळशाचा नाद होता. तुराट्या चुलीतल्या राखेत पुरून ती त्यांचे लांब, बारीक कोळसे करायची आणि फडक्यात बांधून फडताळात ठेवायची, जशा दुसऱ्या बाया लवंगा-वेलदोडे ठेवतात. आमच्या गावात भिंतीवर चित्रं काढणं काही पाप नव्हतं. नागपंचमीला नाग काढतात, दिवाळीला गाईची पावलं काढतात. पण ती देवाधर्माची चित्रं, सण झाला की पुसायची. हिच्या भिंतीवर एक देव नव्हता. सगळं घरातलंच. भाकरी थापणारी बाई, आडावरून पाणी आणणारी बाई, शेण काढणारी बाई, पोराला न्हाऊ घालणारी बाई. कधी वासरू, कधी मांजर. मी तिला एकदा म्हटलं होतं की कोळसा हाती आहे तर एखादा पांडुरंग काढ. त्यावर ती म्हणाली, त्याला मी पाहिलेलं नाही, पाहिलं तर काढीन.

तर ती भिंत पुसणं भाग होतं, आणि त्याचं कारण वीणा.

आमच्या सांगवदऱ्याला माघात सप्ताह बसतो. त्या सात दिवसांत वीणा जमिनीला टेकत नाही. दिवसरात्र ती कुणाच्या तरी गळ्यात असते. दर दोन तासांनी माणूस बदलतो, एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि याला आम्ही पहारा म्हणतो. मी माझे पहारे तर करायचोच, वर दुसऱ्यांचेही मागून घ्यायचो. कुणाला कांद्याला पाणी द्यायचं असलं, कुणाची गाय व्यायला झाली, की लोक म्हणायचे, रंगनाथ आहेच. एका वर्षी मी सलग नऊ तास वीणा घेऊन उभा राहिलो. शेवटी पाय कुठं संपतात आणि जमीन कुठं सुरू होते ते कळेना. गावच्या दोन म्हाताऱ्या माझ्या पाया पडल्या. त्या नऊ तासांची गोष्ट मी पुढं पावणेदोन वर्षं सांगत होतो.

पण पहारा वेगळा आणि मानाची वीणा वेगळी. कीर्तनात बुवांच्या मागं मधोमध जो उभा राहतो, तो मानाचा वीणेकरी. भागाजीबाबा तीस वर्षं तिथं उभे होते, आणि आता त्यांचे गुडघे गेले होते. नवा वीणेकरी अनंतबुवा नेमणार होते. गावात दोनच नावं चालली होती, एक माझं आणि एक महादू शेलाराचं. महादूचा गळा बरा होता. माझी निष्ठा बरी होती. निदान मी तसं म्हणायचो.

बुवांची एक खोड सगळ्या पंचक्रोशीला माहीत होती. सप्ताहात रोज एका घरी त्यांचं जेवण असायचं, आणि ते ओसरीवर जेवत नसत. सरळ आत जाऊन चुलीपाशी बसत. बसल्या जागेवरून घर न्याहाळत, आणि दुपारी जे पाहिलं त्याचाच दृष्टांत त्या दिवशीच्या कीर्तनात देत. एका वर्षी दगडू पवाराच्या घरी त्यांना लोणच्याच्या बरणीला कुलूप दिसलं. त्या दिवशी कीर्तनात त्यांनी जीव म्हणजे कैरी, देह म्हणजे बरणी आणि लोभ म्हणजे कुलूप असा काही दृष्टांत लावला की माणसं रडली. दगडूला मात्र गाव अजून 'बरणी' म्हणतं. त्याच्या नातवालाही.

त्या वर्षी तिसऱ्या दिवशी बुवा महादूकडं जेवले. महादूनं दारात घासलेटच्या डब्यात तुळस लावली होती, डब्याला गेरू फासला होता, आणि बायकोला सांगून ठेवलं होतं की बुवा आत आले की जात्यावर बसून ओवी म्हणायची, पीठ असो नसो. निघताना बुवा म्हणाले, "घर गोकुळ आहे." एवढंच. पण ते शब्द महादू पुढचे दोन दिवस टोपीत मोरपीस खोचावं तसे मिरवत होता. पाचवा दिवस माझा होता.

खरं तर चुना दोन दिवस भिजायला हवा होता. त्यात डिंक पडायला हवा होता, आणि एकावर एक दोन हात बसायला हवे होते. पण चौथ्या दिवशी दहा वाजता माझा पहारा होता आणि बारापासूनचा दुसऱ्याचा मागून घेतलेला. देवाच्या कामापुढं डिंक कोण उकळत बसणार? मी चुना ताकासारखा पातळ केला आणि एक हात मारून मोकळा झालो.

मी मागं सरून पाहिलं. ओल्या चुन्यातून सगळी मंडळी जशीच्या तशी दिसत होती. म्हैस माझ्याकडंच बघत होती.

"एक हात पुरत नसतो," हौसा म्हणाली.

"तुला काय कळतंय," मी म्हणालो आणि टाळ उचलून निघालो.

दुपारी दोनला परत आलो तेव्हा भिंत वाळून लख्ख झाली होती. पांढरीशुभ्र, जणू नवी कोरी गोधडी टांगली आहे. मी हौसाला बोलावून दाखवली. तिनं नुसतं 'हं' केलं, छबूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि चुलीकडं वळली. मला तिच्या त्या 'हं'चा राग आला, पण सप्ताहात रागवायचं नसतं.

पाचव्या दिवशी सकाळपासून आमच्या घरात भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. पुरण शिजत होतं, कटाची आमटी उकळत होती, भाताचं मोठं पातेलं रटरटत होतं. बाहेर माघाची थंडी अशी की डोंगराकडच्या त्या चुना दिलेल्या भिंतीला हात लावला तर बर्फ. वाऱ्यानं राख उडून बुवांच्या ताटात पडू नये म्हणून मी चुलीवरच्या झरोक्यात पोतं कोंबलं. आणखी एक शहाणपण केलं. महादूला मुद्दाम पंगतीला बोलावलं. मला त्याचं तोंड पाहायचं होतं.

हौसाला मी सांगितलं होतं की वाढताना तरी छबूला ठकाजीच्या बायकोकडं ठेव.

"ती ऱ्हात न्हाय कुणाकडं."

"मग खाली बसव कोपऱ्यात."

"चुलीपाशी? सरकत सरकत इस्तवात जाईल."

म्हणजे कडेवर छबू आणि एका हातात पुरणपोळीचं ताट, अशी माझी बायको बुवांपुढं येणार होती. म्हटलं, चला, वात्सल्य दिसेल.

बुवा आले. देह भारी, चाल हलकी, कपाळाला गंध, आणि डोळे असे की घरात शिरतानाच चार कोपरे मोजावेत. त्यांच्याबरोबर नाथा पखवाजी होता. या माणसाला देवानं दोन गोष्टी सढळ हातानं दिल्या होत्या, बोटं आणि भूक. भागाजीबाबा काठी टेकत आले. महादू आला, त्यानं आधी आमच्या तुळशीकडं आणि मग आपल्या टोपीकडं हात नेला. आम्ही पाचजण चुलीसमोर ओळीनं बसलो. समोर माझी पांढरी भिंत.

"वा," बुवा भिंतीकडं बघून म्हणाले. "स्वच्छ."

मी महादूकडं पाहिलं. त्याचा घास घोळत होता. आयुष्यात माणसाला सुख म्हणतात ते फार थोडा वेळ मिळतं, मला ते साधारण तीन पुरणपोळ्या होईपर्यंत मिळालं.

चौथी पोळी बुवांनी दुधात मोडली, घास उचलला आणि तो हवेतच राहिला.

भिंतीवर दोन शिंगं आली होती.

झरोका बंद, पातेल्यांची वाफ कोंडलेली, आणि ती सगळी त्या गार भिंतीवर जाऊन बसलेली. चुना ओला झाला होता. शिंगांखाली म्हशीचं तोंड आलं. मग डालगं, मग कोंबडी, मग उवा काढणाऱ्या दोन बाया, एक एक करून, पंगतीला उशीर झालेल्या पाहुण्यांसारख्या. बाळंतीण सर्वांत स्वच्छ आली, कारण तिच्यावर मी जोर लावून दोनदा कुंचा फिरवला होता आणि दुसऱ्या फटकाऱ्यानं पहिला चुनाही निघून तिथं थर पातळ राहिला होता.

"घरात ओल आहे जरा," मी म्हणालो.

"ओलीला शेपूट बी हाय," नाथा पखवाजी म्हणाला आणि आमटी मागितली.

बुवांनी घास परत ताटात ठेवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होतो आणि मला माझी वीणा पाय लावून पळताना दिसत होती. बुवा भिंत डावीकडून उजवीकडं वाचत होते, पोथी वाचावी तशी. बाई भाकरी थापते आहे. बाई आडावर आहे. बाई गोठ्यात आहे. बाई सरपण फोडते आहे. वाचून झाली तशी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी बोटानं मोजत गेले. किती मोजलं ते सांगितलं नाही. मग हौसाकडं वळले. ती आमटीचं भांडं घेऊन उभी होती.

"माय, ही बाई कोण?"

"मीच की."

"आणि कडेवर?"

हौसानं मानेनं छबूकडं दाखवलं.

"सगळीकडं हीच?"

"हीच. दुसरी कुठनं आणू."

बुवांनी छबूकडं नीट पाहिलं. छबूचे पाय हौसाच्या लुगड्यावर लोंबत होते, ओल्या दोऱ्यासारखे.

"केवढी आहे?"

"चैतात सहा सरतील." मग कुणी विचारलं नाही तरी ती म्हणाली, "दीड वर्साची व्हती तवा ताप आला. नुकती पाऊल टाकाय लागली व्हती."

आमटीच्या पातेल्याचं झाकण वाजत होतं. कुणीतरी ते काढायला हवं होतं. ते काढायलाही हौसाच गेली, छबूला सांभाळत, भांडं खाली ठेवून, एका हातानं. आम्ही पाच बाप्ये बसून होतो.

बुवांचं बोट पुन्हा भिंतीवर गेलं. जवळजवळ दर चित्रात एका बाजूला दाराची चौकट होती, आणि चौकटीत एक माणूस. पाठमोरा. खांद्याला काहीतरी लटकावलेलं, एक पाय उंबऱ्याच्या बाहेर.

"आणि हे गृहस्थ?"

मी मान वाकडी करून पाहिलं. देवाशपथ सांगतो, मला ओळखू आला नाही. मी म्हणालो, "ठकाजी असेल, बुवा. म्हैस सोडवायला आला असेल."

"सालगडी वाटतोय," नाथा म्हणाला. "निम्मा बाहेरच हाय."

तेव्हा छबू बोलली. ती चारचौघांत कधी बोलत नसे. तिनं बोट लांब केलं आणि म्हणाली, "बाबा चालले."

महादूला ठसका लागला. तो ठसका मी अजून विसरलेलो नाही, माणसाला इतका आनंदाचा ठसका लागू शकतो हे मला माहीत नव्हतं. भागाजीबाबांनी त्याच्या पाठीत मारण्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. खांद्याला लटकलेले ते टाळ होते. आता मला ते स्पष्ट दिसले. गोंडासुद्धा काढला होता.

पुढं काय झालं असतं कोण जाणे, पण तेवढ्यात भिंतीच्या वरच्या अंगाला, झरोक्याजवळ, आणखी एक चित्र फुटलं. उभा देह, पागोटं, आ वासलेलं तोंड, आणि सगळ्यांच्या पुढं चाललेलं पोट. मागं टाळकऱ्यांची ओळ, सगळ्यांची तोंडं उघडी, जशी पिल्लं चोच उघडतात. आणि अगदी कोपऱ्यात, मांडवाच्या खांबाला टेकून, कडेवर पोर घेतलेली बाई.

"बुवा, तुम्ही," नाथा म्हणाला.

मी डोळे मिटले. मग कानांवर बुवांचं हसू आलं. ते पोटातून हसत होते, भिंतीवरच्या त्या पोटातून.

"माय, पुढच्या खेपेला थोडं कमी धर," ते म्हणाले आणि ताटातला घास उचलला.

जेवण झालं. दार उघडलं तसा वारा आत आला, आणि बुवा हात धुऊन येईपर्यंत भिंत वाळून परत पांढरी झाली, जणू तिनं काही सांगितलंच नव्हतं. बुवांनी हौसाला हात जोडले. माझ्याकडं पाहिलं. मी वाट पाहत होतो. 'घर गोकुळ आहे' हे तीन शब्द, ते म्हणायला असा किती वेळ लागतो. बुवा काही न बोलता गेले.

ते गेल्यावर मी हौसावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. सगळा मिळून अर्थ असा की तीस वर्षांतून एकदा आलेली वीणा तिनं कोळशानं घालवली.

"मी कुठं घालवली," ती म्हणाली. "मी घरातलं घरात काढलं व्हतं. चुना तुमचा व्हता."

आमच्या भागात बिबट्याचा वावर, त्यामुळं कीर्तन उन्हातच, चार ते सहा. त्या दिवशी मांडवात जायला माझे पाय तयार नव्हते, पण कीर्तन चुकवणं मला जमायचं नाही. खरं सांगायचं तर आजही जमत नाही. पखवाजावर पहिली थाप पडली, टाळांची ओळ एका अंगानं झुलली, की माझं सगळं विसरतं. आणि अनंतबुवा गाऊ लागले म्हणजे दुपारी पाच पोळ्या खाल्लेला देह तो हाच का, असं वाटायचं. आवाज वर चढायचा तो असा, की मागून आपणही चढतोय असं वाटावं, आणि खाली आणायचे तेव्हा अगदी हळू, कुणी झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा.

अभंग झाला, चाल झाली, आणि बुवांनी हातानं टाळ थांबवले. म्हणजे दृष्टांत. मी मान खाली घातली. म्हैस येणार, उवा येणार, उद्यापासून गाव मला 'म्हैस' म्हणणार, माझ्या नातवालाही.

"आपल्या गावात वीणा खाली ठेवत नाहीत," बुवा म्हणाले. "बरोबर ना?"

बरोबर, मांडव म्हणाला.

"सात दिवस. दर दोन तासांनी माणूस बदलतो. का बदलतो? माणूस थकतो म्हणून. वीणेला ओझं नसतं, पण उभं राहणाऱ्याला असतं. मंडळी, मी या गावात एक वीणा पाहिली. साडेचार वर्षं झाली, ती खाली टेकलेली नाही."

माझी मान हळूहळू वर आली. साडेचार वर्षं? हिशेब बसत नव्हता, पण दृष्टांतात वर्षं मागंपुढं होतात. आणि गावात वीणा घेऊन सर्वांत जास्त कोण उभं राहतं? नऊ तास कोण उभं राहिलं होतं?

"पाऊस असो, ऊन असो," बुवा सांगत होते, "सण असो, सुतक असो. भुकेला पहारा सुटत नाही, झोपेत सुटत नाही."

माझे डोळे भरून आले. म्हणजे बुवांनी भिंतीपलीकडं पाहिलं होतं. म्हैस सोडून त्यांनी माझी निष्ठा पाहिली होती. मी ओळीतून अर्धं पाऊल पुढं झालो, लोकांना दिसावं म्हणून.

"आणि त्या वीणेच्या पहाऱ्याला दुसरा माणूस येत नाही," बुवा म्हणाले. "एकच उभा आहे. धन्य आहे की नाही?"

"धन्य, धन्य," मी म्हणालो आणि टाळी वाजवली. चांगली जोरात, दोन्ही हात वर करून.

मांडवात ती टाळी एकटीच वाजली. मी आजूबाजूला पाहिलं. पुरुष खाली बघत होते. बायका मागं वळून बघत होत्या, माझ्याकडं नव्हे, डाव्या हाताच्या शेवटच्या खांबाकडं.

शेजारी महादू होता. तो माझा वैरी, पण त्या वेळी त्याला माझी दया आली असावी. टाळाआडून हळूच म्हणाला, "रंगा, छबूचं चाललंय."

माझे हात वरच राहिले. ते खाली कसे आणायचे ते मला सुचेना.

बुवांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. विठ्ठलाचा गजर धरला, पखवाज सुटला, आणि त्या गजरात माझी टाळी बुडवून टाकली. ही त्यांची माया. पुष्कळ लोकांना ती कळली नाही.

कीर्तन संपलं. आरती झाली. सहा ते आठ पहारा माझा होता. भागाजीबाबांनी गळ्यातली वीणा काढली आणि माझ्यासमोर धरली. सगळा मांडव बघत होता. बुवाही बघत होते, घाम पुसत. मान पुढं केली असती तर वीणा गळ्यात पडली असती, आणि कदाचित मानाचीही मिळाली असती. झालं गेलं लोक विसरतात, म्हैससुद्धा विसरतात.

मी खांबाकडं पाहिलं. हौसा उभी होती. इतर बाया बसल्या होत्या, ती उभी होती. तशी ती नेहमीच उभी असायची, मी कधी का म्हणून विचारलं नव्हतं. दाटीत कुणी पायांवर बसलं तर छबूला ते ओढून घेता येत नसत, म्हणून.

मी वीणेच्या बाजूनं वळसा घालून पुढं गेलो.

मागं भागाजीबाबा दोन्ही हातांत वीणा धरून तसेच राहिले. वीणा खाली ठेवता येत नाही, म्हणून शेजारच्या महादूनं मान पुढं केली. ती मान त्यानं पुढं बावीस वर्षं मागं घेतली नाही.

बायकांच्या बाजूला जाईपर्यंत माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. हौसासमोर उभा राहिलो आणि हात पुढं केले. "आण तिला," म्हणालो. तिनं छबूला माझ्याकडं केलं, आणि छबूनं आईच्या मानेत तोंड खुपसून भोकाड पसरलं. सगळ्या गावापुढं. पाच वर्षांची माझी पोरगी, आणि समोरून आलेला मी तिला नवखा होतो.

दोन बाया फिसकन हसल्या. मी परत हात पुढं केले, ती परत रडली. मला पळून जावंसं वाटलं आणि मी वळलो. वळलो तशी ती रडायची थांबली.

"बाबा," ती मागून म्हणाली.

मी तसाच खाली बसलो, पाठ तिच्याकडं ठेवून. मग दोन हात माझ्या गळ्याभोवती आले. हौसानं मागून तिचे पाय माझ्या दोन्ही हातांत दिले. ते पाय मी तेव्हा पहिल्यांदा हातात धरले. गार होते, आणि मी घाबरलो, कारण त्यांना काहीच वजन नव्हतं.

उभा राहून पाहिलं तर हौसा खांबाशी दोन्ही हात मोकळे सोडून उभी होती, आणि त्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. शेवटी तिनं पदर नीट केला. दोन्ही हातांनी. दोन्ही हातांनी पदर नीट करताना मी तिला साडेचार वर्षांत पाहिलं नव्हतं. मग ती खाली बसली.

पुढं पंधरा वर्षं छबू माझ्या पाठीवर होती. शाळेत, बाजारात, जत्रेत, आणि रोजच्या हरिपाठाला. मला टाळ वाजवता येत नसत, हात तिच्या पायांना गुंतलेले, म्हणून माझे टाळ ती माझ्या कानाशी वाजवायची, आणि बेताल वाजवायची. मग तिला तीनचाकी सायकल मिळाली आणि ती मला विचारेनाशी झाली.

आमच्या स्वयंपाकघराला त्यानंतर चुना लागला नाही. जुनी चित्रं फुटून वर आली, त्यांवर नवी आली. पाठमोरा माणूसही पुन्हा आला, फरक एवढाच की त्याच्या पाठीवर एक पोरगी होती आणि तिचं तोंड आपल्याकडं होतं. त्यालाही आता जमाना झाला. म्हैस मेली, ठकाजी गेला, बुवा गेले. भिंतीवर सगळ्यांना तोंडं आहेत, मांजरालाही आहे.

गेल्या माघात मी हौसाला म्हटलं, अगं, एकदा माझं तोंड काढ की.

"तोंड काढायला माणूस थांबाया लागतो," ती म्हणाली. "तुम्ही कवा थांबलात."

तेवढ्यात मांडवात पखवाजावर थाप पडली. माझा एक पाय उंबऱ्याबाहेर होताच, टाळ खांद्याला होते. मी तसाच मागं वळलो आणि दारात उभा राहिलो, घराकडं तोंड करून. तिनं फडताळातलं फडकं सोडलं. त्या दिवशीचा सुरुवातीचा अभंग चुकला.

तेव्हापासून रोज हरिपाठाला निघण्याआधी थोडा वेळ तसाच उभा असतो. आता नजर अधू झाली आहे तिची, हातही कापतो. अजून नाकापर्यंतच आली आहे.